चौदावी खाट

आमच्याकडे कुणी पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'नको हो, उगाच कशाला' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, एवढं म्हणताय तर' असं पुटपुटत घ्यायचं. मग ती कॉफी असो, गाडीतली जागा असो, नाहीतर नवरा. हे कुणी शिकवत नाही. मिनेसोटात जन्माला आलं की आपोआप येतं, सर्दीसारखं. आणि याच शहाणपणापायी यंदाच्या जानेवारीत मी माझा पहिलावहिला समुद्र घालवून बसले होते, त्याची ही गोष्ट.

मी मारित टॉलफ्सरूड. सेंट हालवार्ड कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, विषय जीवशास्त्र. दोन सत्रांच्या मधला अख्खा जानेवारी आमच्याकडे एकाच विषयाला देतात. चार आठवडे, एकच वर्ग, सकाळ-संध्याकाळ तेच दळण. कुणी मातीची भांडी करायला शिकतं, कुणी रोमला जाऊन पडक्या खांबांपुढे उभं राहतं. आणि चौदा नशीबवान पोरं प्रोफेसर पाल्मिएरींबरोबर बसने दोन दिवस दक्षिणेला जातात, लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात तीन आठवडे राहतात आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून खेकडे मोजतात. चौदाच का? तर केंद्रात खाटाच चौदा.

त्यातली एक मला हवी होती. हवी म्हणजे अशी तशी नाही, पाचवीपासून हवी होती. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारी मुलगी मी, आणि समुद्र पाहिला तो फक्त आमच्या दाताच्या डॉक्टरच्या भिंतीवर, तोंड उघडं ठेवून! पुढच्या वर्षी प्रोफेसर रजेवर जाणार होत्या. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आता एवढं हवं होतं तर नाव पटकन नोंदवायचं की नाही? ऑक्टोबरात प्रोफेसरांनी आपल्या खोलीच्या दारावर कागद लावला. मी सकाळी आठला तिथे हजर. कागद कोरा करकरीत. आता पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव कसं लिहायचं? काय म्हणतील लोक, किती हावरट! म्हणून दुपारी परत आले. तोवर होदानने पहिल्या ओळीवर आपलं नाव ठोकलं होतं, पण दुसरी ओळ रिकामी. दुसरीसुद्धा जरा पुढेपुढेच वाटते, नाही का? असं करत करत मी चौथ्या दिवशी गेले तेव्हा चौदाच्या चौदा ओळी भरल्या होत्या. मग कागदाच्या पार तळाला, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात माझं नाव लिहिलं. शेजारी तेवढ्याच उंचीवर प्रोफेसरांच्या अक्षरात आणखी एक नाव होतं, आर्विड ब्रेक्के. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

होदान वॉरसामे माझी खोलीतली जोडीदारीण. तिचे आईवडील सोमालियातून आलेले, ती मात्र मिनियापोलिसमध्येच वाढलेली. ती मला म्हणाली, "अगं बाई, कागद रिकामा होता, हातात पेन होतं, मग अडलं कुठे?"

"बरं दिसत नाही गं."

"आमच्या घरी पाहुणा नको म्हणाला तर आई तीन-तीनदा विचारत बसत नाही. सरळ ताटात वाढते, आणि वर ओरडते. तुला माझ्या आईकडे पाठवायला हवं."

वेटिंग लिस्टवरच्या आम्हा दोघांनाही पहिल्या आठवड्यात वर्गाला बसायचं होतं, न जाणो कुणी गळलंच तर. सोमवार ते गुरुवार इथे वर्ग, शुक्रवारी सकाळी साडेसातला बस. मी सोमवारीच बॅग भरून ठेवली आणि कुणाला दिसू नये म्हणून पलंगाखाली ढकलली. आर्विड माझ्या शेजारी बसायचा. उंच, किडकिडीत, कान कायम लाल. एकही तास चुकवला नाही त्याने. शिंपल्यांची नावं अगदी मन लावून उतरवून घ्यायचा. याला माझ्याहून जास्त हवंय, मी मनात म्हणायचे.

गुरुवारी सकाळी भोजनगृहाच्या पायऱ्यांवर त्या चौदांतली लिनिया नावाची मुलगी बर्फावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. वाईट झालं, फार वाईट झालं. मी तिला हात देऊन उठवलं, गाडीत बसवलं, तिची पिशवी धरली, आणि हे सगळं करताना माझं मनातल्या मनात मांडे खाणं चालू होतं. देव मला क्षमा करो.

दुपारी वर्ग सुटल्यावर प्रोफेसर पाल्मिएरींनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. बाई न्यू जर्सीच्या. बुटक्या, चटपटीत, आमच्याकडे येऊन दुसरंच वर्ष. आम्ही एका वाक्यात जेवढं बोलतो तेवढ्यात त्यांची तीन बोलून होतात.

"एक खाट, माणसं दोन. यादीत तुमच्यातलं आधी कोण?"

"हा," मी म्हटलं.

"ही," आर्विड म्हणाला.

"छान. मग तुमचं तुम्हीच ठरवा. सहा वाजेपर्यंत मला मेल करा." आणि गेल्यासुद्धा.

अहो, मिनेसोटाच्या दोन माणसांना एक वस्तू देऊन 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणायचं? आमच्याकडे बशीत शेवटची वडी उरली तर ती कुणी उचलत नाही. कुणीतरी अर्धी कापून घेतो, मग कुणी त्या अर्ध्याची अर्धी, शेवटी उरतो तो कण आणि तोसुद्धा रात्रभर तसाच वाळतो. पण खाट कापणार कशी?

आम्ही दोघं वर्गाबाहेरच्या बोळात उभे राहिलो. बाहेर उणे बावीस. खिडकीच्या काचेवर आतूनही बर्फ.

"तू जा ना," आर्विड म्हणाला.

एक, मी मनात मोजलं. "छे छे, तूच जा. तू किती मन लावून ऐकतोस."

"मी आपला असाच ऐकतो. खरंच, तू जा."

दोन. "नको रे, उगाच कशाला. तुझं नाव प्रोफेसरांनी स्वतः लिहिलंय."

"हो, ते..." त्याचे कान आणखी लाल झाले. "मारित, तूच जा. मला काही वाटणार नाही."

तीन! तीन झाले होते! आता 'बरं, एवढं म्हणतोस तर' म्हणायचं आणि खाट घ्यायची. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण तो काय म्हणाला होता? 'मला काही वाटणार नाही.' आमच्याकडे माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला पुढची दहा वर्षं वाटत राहणार असतं. माझ्या मावशीला 'काही वाटलं नाही' त्याला आता बारा वर्षं झाली, अजून तिने आमच्या घरात पाय ठेवलेला नाही. मी तोंड मिटलं.

"नाही, तूच जा," मी म्हटलं. तो म्हणाला तू. मी म्हटलं तू. पाचव्यांदा, सहाव्यांदा. मध्ये एक झाडूवाले काका आले, आमच्यासाठी थांबले, आम्ही त्यांच्यासाठी थांबलो, त्यात आणखी पाच मिनिटं गेली. शेवटी आर्विड अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "बरं, बघू," आणि आम्ही पांगलो.

मी आईला फोन लावला. आई आमच्या गावच्या शाळेत वाचनालय सांभाळते. हळू बोलायची तिला इतकी सवय की घरीही कुजबुजते.

"तीनदा म्हणाला ना तो?" आईने विचारलं.

"अकरा वेळा म्हणाला."

"अगं बाई! अकरा म्हणजे त्याला फारच हवंय बिचाऱ्याला. मग तू कशी घेणार?"

"पण आई, मलाही हवंय."

"हवंय ते ठीक आहे गं, पण मागून घेतलं असं कुणी म्हणायला नको. तू प्रोफेसरांना लिही की त्याला द्या. त्या शहाण्या असतील तर तुला परत विचारतील. तुझ्या बापाने मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी दोनदा नको म्हटलं होतं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा विचारायला यायला त्याने दीड वर्ष लावलं. पण आला की नाही?"

पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी मेल लिहिली. 'माझ्यापेक्षा आर्विडची योग्यता जास्त आहे, कृपया जागा त्याला द्यावी, माझी काळजी करू नये.' वाचताना माझं मलाच भरून आलं. आता प्रोफेसर लिहितील, अगं, असं कसं, तूही किती मेहनत केलीस. मग मी एकदा नको म्हणेन. फक्त एकदाच. वेळ कमी होता ना.

सहा वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं, आम्हा दोघांना मिळून एकच.

'दोघांनीही नाव मागे घेतलंय. ठीक. खाट रिकामी राहील. सोमवारपासून दोघांनी बर्फाखालच्या तळ्याच्या वर्गाला जावं, तिथे जागा आहे.'

आर्विडनेही तेच लिहिलं होतं! तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. तेही कुठलं? तर उणे बावीसमध्ये गोठलेल्या तळ्यावर उभं राहून भोकं पाडायचं. समुद्र नाही तर नाही, आमच्या नशिबी तळं, आणि त्यालाही झाकण! मी पलंगावर पालथी पडून ओरडले. होदान बॅग भरत होती, तिने माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला.

"भीड भिकेची बहीण, कळलं का?" ती म्हणाली. "अजूनही वेळ आहे, जा, बाईंच्या घरचं दार वाजव."

"जेवणाच्या वेळेला? कुणाच्या घरी? असं जातं का कुणी?"

होदानने कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला मी बसपाशी उभी होते. निरोप द्यायला. जीव जळत असला तरी निरोपाला यायचं, बॅगा चढवायला हात लावायचा, हीही आमच्याकडची रीत. आर्विडही आला होता. हातात आईने दिलेला खजुराच्या वड्यांचा भला मोठा डबा, बसमधल्या लोकांसाठी. तो डबा त्याने ड्रायव्हर वेंडलकाकांच्या हातात दिला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तू माझ्यासाठी सोडलंस," मी म्हटलं. राहवलं नाही म्हणून म्हटलं. "एवढं हवं असून."

"कुणाला हवं होतं?"

"तुला."

आर्विड माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम फुटलाच तो. "मला नकोय गं! मला कधीच नको होतं! मला बस लागते. दहा मैलांत उलटी होते मला, आणि हा दोन दिवसांचा प्रवास. आणि ती जेलीफिश बघून मला झोप लागत नाही. ऑक्टोबरात प्रोफेसरांनी विचारलं, नाव लिहू का, मी म्हटलं, चालेल की."

'चालेल की' म्हणजे आमच्याकडे 'मेलो तरी नको.' न्यू जर्सीच्या बाईला ते कसं कळावं?

"मग काल स्पष्ट सांगायचं की मला!"

"अकरा वेळा सांगितलं! तू जा, तू जा, घसा सुकला माझा!"

"मला वाटलं, आग्रह करतोयस!"

"मग नको असलं तर माणसाने म्हणायचं तरी काय?" त्याचा आवाज चिरकला. "आणि तू का नको म्हणालीस?"

"मला हवं होतं म्हणून!"

आपण काय बोललो ते माझ्याच कानांनी ऐकलं. मग मला हसू यायला लागलं. त्यालाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि पापण्यांवरच गोठलं. आर्विडने मला खांद्याला धरून बसकडे वळवलं. "जा. आत्ता जा. सांग त्यांना."

आणि तेवढ्यात, काय सांगू, प्रोफेसर पाल्मिएरी स्वतःच बसच्या दारात आल्या. हातात यादी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मारित, ती खाट रिकामीच जातेय. येतेस का?"

दैव देतं आणि कर्म नेतं. माझं कर्म म्हणजे माझी जीभ. वीस वर्षांची सवय, मला विचारण्याआधीच ती बोलून मोकळी झाली. "नाही नाही, असू दे, माझ्यासाठी कुणाला त्रास नको."

"ठीक," प्रोफेसर म्हणाल्या आणि दार बंद झालं.

बस हलली.

"अगं ए!" आर्विड किंचाळला. "हे काय केलंस?"

मला काय माहीत मी काय केलं! मी पळायलाच लागले. कॉलेज टेकडीवर आहे आणि रस्ता सरळ खाली उतरतो. पुढे बस, मागे मी, माझ्या मागे आर्विड. "हवंय!" मी ओरडत होते. "मला हवंय!" आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी काही बोलले नसेन. खिडक्यांतून पोरं बघत होती. होदान काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत होती. पण बस काही थांबेना, लांब लांबच जात राहिली, आणि माझ्या छातीत थंड हवेच्या सुया टोचत होत्या. संपलं, मी म्हटलं. गेला समुद्र.

उताराच्या तळाला चौक आहे. चारी बाजूंना थांबायची पाटी, जो आधी आला त्याने आधी जायचं. वेंडलकाका थांबले. समोरून एक पिकअप येऊन थांबली. डावीकडून बर्फ ओढणारं यंत्र. उजवीकडून आपल्या गाडीत एक आजीबाई. चौघं एकाच वेळी.

वेंडलकाकांनी पिकअपवाल्याला हात केला, तुम्ही व्हा पुढे. पिकअपवाल्याने मान हलवली, छे, तुम्ही. बर्फवाल्याने आजीबाईंना हात केला. आजीबाईंनी बसकडे बघून हातमोजा हलवला. बसने पुन्हा पिकअपला हात केला. कुणी इंचभर हलेना! वेंडलकाका मिनेसोटाचे, ते काय पहिल्या हाताला पुढे जाणार? देवा, माझ्या या लोकांना उदंड आयुष्य दे.

शेवटच्या उतारावर माझा पाय सटकला आणि उरलेलं अंतर मी बसूनच पार केलं. घसरत येऊन बसच्या दाराला धडकले. उठले, दोन्ही मुठींनी दार बडवलं. दार उघडलं.

"काय?" प्रोफेसर म्हणाल्या.

"मला ती खाट हवीय." दम लागला होता, तरी पुन्हा म्हटलं. "मला हवीय. दुसऱ्या कुणासाठी नाही. मला."

"अगं, मग मघाशी 'नाही' का म्हणालीस?"

"तुम्ही पहिल्यांदाच विचारलं होतंत!"

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं, मग चौकातल्या त्या तीन गाड्यांकडे, सगळे अजून एकमेकांना हात करत होते. आणि बाई अशा हसल्या की त्यांना दारातला दांडा धरावा लागला. "चढ वर," त्या म्हणाल्या. "आणि वेंडल, आता देवाखातर तुम्ही जा!"

"माझी बॅग!" मला आठवलं.

मागे आर्विड कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. "मी पाठवतो पोस्टाने!"

"नको नको, तुला कशाला त्रास..." दार मिटायला लागलं होतं. मी त्यातून डोकं बाहेर काढलं. "पाठव! पलंगाखाली आहे! आजच पाठव!"

आर्विडने दोन्ही हात आभाळाकडे उंचावून उडी मारली आणि तिथेच बर्फात बसला. न लागणाऱ्या बसकडे इतक्या आनंदाने बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी होदानच्या शेजारी जाऊन पडले. अंगात जाडजूड कोट, पायांत बर्फाचे बूट, आणि निघाले होते ऊन असलेल्या समुद्रावर. सगळी बस टाळ्या वाजवत होती. मला लाज वाटायला हवी होती, पण इतका आनंद झाला होता की लाजेला आत शिरायला जागाच नव्हती. मी आईला फोन लावला.

"आई, मी मागून घेतलं."

"मागून?" ती कुजबुजली. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. रस्त्यातून ओरडत. बसचं दार बडवून."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. मग आई म्हणाली, "तो समुद्र... नीट बघ हं. मला सगळं सांग आल्यावर. त्याचा आवाज कसा असतो तेसुद्धा सांग."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी आई त्रेपन्न वर्षांची आहे, आणि समुद्र तिनेही पाहिलेला नाही. पुस्तकांच्या गराड्यात तीस वर्षं बसलेली बाई. आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"आई, उन्हाळ्यात येतेस माझ्याबरोबर? समुद्र बघायला?"

"छे गं, मला कशाला."

प्रोफेसर असत्या तर 'ठीक' म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. पण मी कुठे न्यू जर्सीची होते?

"आई, येतेस का?"

"नको गं, उगाच. तुझे बाबा एकटे काय खातील?"

बसने चौक ओलांडला होता. होदानने माझा खांदा घट्ट धरला. मी फोन दोन्ही हातांत नीट धरला आणि अगदी सावकाश विचारलं.

"आई. माझ्याबरोबर समुद्रावर येतेस?"

"हो!" आई म्हणाली, इतक्या मोठ्याने की होदानलाही ऐकू गेलं.